कुलपाची तारीख

“माणसाची सगळी संस्कृती नावावर उभी आहे, साहेब. नाव काढून घेतलं की मागे उरतो नुसता आकडा.”

हे वाक्य मी आठ वर्षांपूर्वी, जुलैतल्या एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी उच्चारलं. समोर आमचे नवे संचालक डॉ. फडतरे बसले होते. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला मुळात एक लांबलचक आकडा असतो. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावं असतात, आणि कुठल्या नावाचा कुठला आकडा हे सांगायला एक वेगळं यंत्र बसवलेलं असतं, असं मी त्यांना समजावत होतो. साहेब मृदाशास्त्राचे. वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.

ते पूर्णविराम देत होते तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. जतहून एक बाप बोलत होता.

“ओ साहेब, पोरीचा ओटीपी येईना झालाय. सकाळधरनं बसलोय की आम्ही.”

नंतर हिशोब लागला तेव्हा कळलं, की आमच्या सर्व्हरला बरोबर दहा वाजल्यापासून जगातलं एकही नाव ओळखता येत नव्हतं. म्हणजे संस्कृतीचा पाया मी जाहीर करण्याच्या अठरा मिनिटं आधीच निखळलेला होता.

आमचं ऑफिस सांगलीत होतं. कृषी पदविकेच्या प्रवेशाचं काम बघणारं एक छोटं मंडळ, आणि मी त्याचा सिस्टीम अधिकारी, हेरवाडे. निवृत्तीला वीस महिने बाकी. पूर्वी आमचा सर्व्हर ऑफिसातच एका खोलीत असायचा आणि त्याला गरम होऊ नये म्हणून खोलीत एसी होता. मग सर्व्हर क्लाउडवर गेला. एसी जाऊ शकला नाही, कारण तो जडवस्तू नोंदवहीत त्या खोलीच्या नावावर चढलेला होता. मग त्या खोलीत मला बसवलं. भर मे महिन्यात स्वेटर घालून बसणारा सांगलीतला मी एकटाच सरकारी माणूस असेन.

माझ्या हाताखाली एकच व्यक्ती होती. तबस्सुम शिकलगार. मिरजेची, सत्तावीस वर्षांची, अकरा महिन्यांच्या करारावर आलेली आणि नंतर दोन महिन्यांची मुदतवाढ मिळालेली. ती मुदतवाढ त्याच महिनाअखेरीस संपत होती आणि नव्या कराराची फाइल साहेबांच्या टेबलावर होती. घरात कमावणारी तीच, धाकटा भाऊ शिकत होता. ती फाइल कधी सुटते याकडे तिचं लक्ष असे, आणि आपलं लक्ष आहे हे दिसू नये याकडे जास्त.

त्या मंगळवारी प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला मुदत संपणार. साडेसहाशे मुलं बाकी होती. साइट उघडत होती, फॉर्म भरला जात होता, पण शेवटी मोबाइलवर जो ओटीपी जायचा तो जात नव्हता, आणि ओटीपीशिवाय प्रवेश पक्का होत नव्हता.

मी खोलीत धावलो. शिकलगार आधीच स्क्रीनसमोर उभ्या होत्या. आमच्याकडे लेखी परवानगी असल्याशिवाय करारावरच्या माणसाने चालू सर्व्हरला हात लावायचा नाही, असा नियम होता. म्हणून त्या उभ्या होत्या. बसलं की हात कीबोर्डवर जातात, असं त्यांचं म्हणणं.

“सर, नावाची ती फाइल एकदा बघायची का?” त्या म्हणाल्या.

प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर दोन ओळींची एक फाइल असते. कुठलंही नाव आलं तर त्याचा आकडा कुणाला विचारायचा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं.

“नाव-बिव नंतर,” मी म्हणालो. “आधी एसएमएसवाल्याला धरा. गेल्या वर्षी त्यानेच घोळ घातला होता.”

“सर, मी मार्चमध्ये—”

“मार्चचं मार्चमध्ये. आज जुलै आहे, शिकलगार.”

एसएमएस कंपनीच्या माणसाला धरण्यात पन्नास मिनिटं गेली. तो हैदराबादेत होता आणि इतका नम्र होता की त्याच्याशी भांडताच येईना. त्याचं म्हणणं एवढंच, की तुमच्याकडून आमच्यापर्यंत काही पोचतच नाहीये, सर. मग मी इंटरनेट कंपनीला धरलं. मग जतला रेंज नसते हा मुद्दा काढला. त्यावर आष्टा, पलूस आणि खुद्द सांगलीच्या विश्रामबागेतून फोन आले.

साडेअकराला साहेब स्वतः खोलीत आले. “हेरवाडे, काय चाललंय? मंत्रालयातून विचारणा झालीय. ओ शिकलगार मॅडम, तुम्ही इथं उभ्या राहून काय करताय? बाहेर फोन वाजतायत, ते घ्या की.”

“सर, ती फाइल—” शिकलगार माझ्याकडे बघत म्हणाल्या.

“फोन घ्या आधी,” साहेब म्हणाले.

त्या गेल्या. काचेपलीकडून त्यांचा आवाज येत राहिला. “हो काका. नाही, तुमचा मोबाइल बरोबर आहे. नाही, सिम बदलू नका. रडू नको म्हणावं तिला, पाचपर्यंत वेळ आहे.”

पावणेबाराला मी शेवटी ते केलं, जे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं. सर्व्हरवरून एका ओळखीच्या यंत्राला त्याच्या आकड्याने हाक मारली. लगेच उत्तर आलं. मग त्याच यंत्राला नावाने हाक मारली. सर्व्हर थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला की नाव ओळखण्यात तात्पुरतं अपयश आलं आहे. त्याचा ‘तात्पुरतं’ हा शब्द मला मनापासून आवडला. आमच्या ऑफिसातल्या कुणीही अपयश एवढ्या नम्रतेने मान्य केलेलं मी पाहिलं नव्हतं.

म्हणजे फाइलच. मी ती उघडली. त्यात एकच पत्ता होता, क्लाउड कंपनीच्या जुन्या नाव सांगणाऱ्या यंत्राचा. त्याला हाक मारली. मेला होता. कंपनीने तो बंद करून नवा चालू केला होता आणि इतर सगळ्या गिऱ्हाइकांच्या सर्व्हरवर ही फाइल आपोआप बदलली होती. आमचीच तेवढी बदलली नव्हती.

ठीक आहे, हातानं बदलू. मी नवा पत्ता लिहिला आणि फाइल साठवायला गेलो.

परवानगी नाही.

मी रूट म्हणून आत होतो. रूट म्हणजे त्या यंत्राचा सर्वेसर्वा. त्याच्या वर कुणी नसतं. फाइल माझ्या मालकीची, लिहायचा अधिकार माझा, सगळं समोर दिसतंय, आणि तरी परवानगी नाही. मी पुन्हा केलं. नाही. सर्व्हर बंद करून चालू केला. त्यात सहा मिनिटं गेली, आणि त्या सहा मिनिटांत जी साइट निदान उघडत होती तीही उघडेना. बाहेरचे फोन दुप्पट झाले. चालू झाल्यावर पुन्हा केलं. नाही.

साहेब मागे उभे राहून बघत होते. “काय म्हणतंय ते?”

“फाइलला कुणीतरी कुलूप घातलंय, साहेब.”

“कुणी?”

इथे मी जे बोललो ते शब्दशः लिहितो, कारण आठ वर्षं ते माझ्या डोक्यात जसंच्या तसं आहे.

“पासवर्ड दोघांकडेच आहे,” मी म्हणालो. “एक मी. आणि एक शिकलगार.”

मी कुणावर आरोप केला नव्हता असं म्हणायला जागा आहे. पण दोघांपैकी एक जण हे वाक्य बोलत असेल, तर उरतं कोण, हे मृदाशास्त्राच्या माणसालाही कळतं.

साहेबांनी शिकलगारना आत बोलावलं. “मॅडम, या फाइलला कुलूप घातलंय म्हणे कुणीतरी. हेरवाडे म्हणतात, पासवर्ड तुमच्या दोघांकडेच आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मला वाटलं, घाबरली बिचारी. मनातल्या मनात मला तिची दयासुद्धा आली. त्या वेळी मला स्वतःच्या मोठेपणाचं जरा कौतुकच वाटलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

“कुलूप निघेल का?” साहेबांनी विचारलं.

शिकलगारांनी स्क्रीनकडे बघितलं. “निघेल, सर. पण एकदा काढलं की...” त्यांनी काचेपलीकडच्या फोनकडे बघितलं. दोन्ही वाजत होते. “काही नाही. निघेल. लेखी परवानगी?”

“तोंडी देतो! काढा!”

त्या खुर्चीत बसल्या आणि एका ओळीची आज्ञा टाइप केली. पाच-सहा अक्षरं, एक वजाबाकीची खूण, एक अक्षर, फाइलचं नाव. मग नवा पत्ता लिहिला. फाइल मुकाट्याने साठवली गेली. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी काचेपलीकडचा एक फोन थांबला. मग दुसरा. आमच्या ऑफिसात सकाळपासून पहिल्यांदाच पंख्याचा आवाज ऐकू आला.

साहेब मला दारापर्यंत घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, “बघितलंत? एका मिनिटात काढलं.”

“हो, साहेब.”

“तुम्हाला तासभर जमलं नाही ते एका मिनिटात. किल्ली ज्याच्या खिशात, कुलूप त्याचंच. होय की नाही?”

तर्क बिनतोड होता. पोलिसही असाच चालवतात.

“मंत्रालयाला दुपारी चारपर्यंत अहवाल पाठवायचाय,” साहेब म्हणाले. “तुम्ही लिहा. काय झालं, कुणामुळे झालं. करारावरच्या माणसाने परवानगीशिवाय केलं असं आलं तर बरं. मंडळावर काही येणार नाही. त्यांच्या कराराची फाइल मी तशीच ठेवतो. महिनाअखेरीला आपोआप संपेल. उगाच काढून-बिढून टाकायची भानगड नको.”

फडतरेसाहेब वाईट नव्हते. त्यावर मी त्यांना म्हणालो की आधी खात्री करून घेऊ, तेव्हा ते म्हणाले, “हेरवाडे, मातीचा नमुना पिशवीत भरला की पिशवीवर कुणाचं तरी नाव लागतं. बिननावाची पिशवी प्रयोगशाळा घेत नाही.” तीस वर्षं त्यांनी पिशव्यांवर नावं घातली होती.

मी अहवाल लिहायला बसलो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ इथपर्यंत भराभर झालं. मग संदर्भ द्यायचा होता. आमच्याकडे संदर्भाशिवाय कागद हलत नाही. क्लाउड कंपनीने पत्ता बदलत असल्याची ईमेल आम्हाला पाठवलेली असणार. आमच्याकडे ईमेल आली की तिची छापील प्रत निघे, तिला आवक क्रमांक पडे, आणि ती माझ्या कपाटात फाइलला लागे. मी कपाट उघडलं, ‘क्लाउड पत्रव्यवहार’ फाइल काढली.

ईमेल होती. मार्चमधली. ठळक अक्षरात लिहिलं होतं की अठरा जुलैला सकाळी दहा वाजता जुना पत्ता बंद होईल, नवा आपोआप बसेल, ‘आपल्याला काहीही करावे लागणार नाही’. शेवटचं वाक्य वाचून मी मार्चमध्ये समाधान पावलो असणार. इतकं माझ्या मनासारखं पत्र मला नोकरीत क्वचितच आलं होतं.

ईमेलच्या मागे एक टिपणी लावलेली होती. शिकलगारांच्या सुबक अक्षरात, दीड पान. ‘मा. संचालक यांस सादर, मार्फत सिस्टीम अधिकारी’.

टिपणीत लिहिलं होतं: आपल्या सर्व्हरवरील नावांच्या फाइलला कुलूप घातलेले आढळले. त्यामुळे अठरा जुलैला नवा पत्ता आपोआप बसणार नाही आणि ओटीपी जाणे बंद होईल. तो प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे. सदर कुलूप सुमारे सोळा महिन्यांपूर्वी, दि. १९ नोव्हेंबर रोजी सायंकाळी ४.४० वाजता घातलेले दिसते. ते काढण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

खाली समासात हिरव्या शाईत लिहिलं होतं: ‘पाहिले. चर्चा करावी.’ आणि सही. सही माझी होती. हिरवी शाई वापरणारा त्या मजल्यावर मीच.

मी ती टिपणी पाहिली होती. वाचली नव्हती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत या दोन क्रियापदांत काही फरक असतो असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तारखेकडे लक्ष गेलं. एकोणीस नोव्हेंबर, चार चाळीस. शिकलगार रुजू झाल्या त्याच्या सात महिने आधी.

आणि मला आठवलं. सर्व्हर क्लाउडवर नुकता गेला होता. मी ती फाइल हातानं नीट लिहायचो आणि सर्व्हर बंद-चालू झाला की तो माझं लिहिलेलं पुसून स्वतःचं लिहायचा. तीनदा झालं. आमच्या ऑफिसात पाण्याच्या कूलरचा पेला साखळीने बांधलेला होता, हजेरीपटाला कुलूप होतं, स्वच्छतागृहाच्या किल्लीला वीतभर लाकूड लावलेलं होतं. माझ्या फाइलला कुणीही येऊन हात लावतो म्हणजे काय? इंटरनेटवर शोधलं, एका भल्या माणसाने उपाय लिहिला होता. एक ओळ. मग रूटलासुद्धा ती फाइल बदलता येत नाही. मी ती ओळ टाइप केली, चहा मागवला आणि घरी गेलो. कुलूप घातलं हे नंतर मी असं विसरलो, की ते दिसल्यावर मला खरोखर वाटलं, दुसऱ्या कुणीतरी घातलं.

एसी चालू होता. मला घाम आला.

आता पुढचं. फाइल म्हणजे पुठ्ठ्यात टॅगने ओवलेले कागद. टॅगचं एक टोक सोडलं की कागद निघतो. टिपणी एकच होती. ती मंडळाच्या आवकला गेलेली नव्हती, कारण ती माझ्यामार्फत जायची होती आणि मी ‘चर्चा करावी’ लिहून ती स्वतःपाशी थांबवली होती. सर्व्हरवर आता ते कुलूप नव्हतं, त्यामुळे त्याची तारीखही नव्हती. या दीड पानाशिवाय जगात कुठेही हा पुरावा नव्हता. मला वीस महिने राहिले होते. तिला नोकऱ्या काय, कुठेही मिळाल्या असत्या, असं मी स्वतःला सांगितलं.

मी टॅग सोडला. कागद बाहेर काढला. हे मी लपवत नाही.

तेवढ्यात शिकलगार दार ढकलून आत आल्या. हातात वही होती. “सर, चारशे बारा झाले. राहिलेल्यांना मी एकेकाला फोन लावतेय. जतची ती मुलगी पण झाली.”

मग त्यांना माझ्या हातातला कागद दिसला. स्वतःचं अक्षर माणूस लांबूनही ओळखतो. सुटलेला टॅगही दिसला असणार. त्या वही छातीशी धरून उभ्या राहिल्या.

“तुम्ही सकाळी बोलला का नाही?” मी विचारलं. “साहेबांसमोर. हा कागद आहे, तारीख आहे, सगळं आहे म्हणून?”

“मी बोलणार होते, सर. दोनदा. मग तुम्ही म्हणालात, पासवर्ड दोघांकडेच आहे.”

“मग?”

“मग मला वाटलं, सरांनी ठरवलंय.”

“काय ठरवलंय?”

“तुम्ही टिपणी वाचलेली होती ना. सही होती तुमची. कुलूप कधी घातलं ते त्यात होतं. तेव्हा मी रुजूही झाले नव्हते. ते माहीत असून तुम्ही साहेबांना तसं म्हणालात, म्हणजे ठरवूनच म्हणाला असाल. मग मी काय बोलणार? टिपणी तुमच्या कपाटात. कपाटाची किल्ली तुमच्याकडे.” त्यांनी सुटलेल्या टॅगकडे बघितलं. “चार महिने मी वाट बघत होते, सर. चर्चा करावी लिहिलं होतंत. म्हटलं, बोलावतील.”

मला सांगता आलं असतं, की मी दुष्ट नाही, फक्त वाचलं नव्हतं. सांगितलंही. “मी वाचलंच नव्हतं हो ते.”

मला वाटलं होतं यावर त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा पहिल्यांदा त्या क्षणी पडला. ठरवून केलेल्या अन्यायाला तरी त्यांनी दिवसभर तोंड दिलं होतं.

“बरं,” त्या म्हणाल्या.

“आणि कुलूप काढताना तुम्ही अडखळलात. ‘एकदा काढलं की’ म्हणालात. ते काय होतं?”

“ती तारीख फाइलमध्ये तशीच होती, सर. कुलूप असेपर्यंत. काढलं की आजची पडते.” त्यांनी वहीकडे बघितलं. “आधी साहेबांना तारीख दाखवून मग काढावं असं मनात आलं होतं. पण मग तुम्ही, साहेब, समजावून सांगणं, अर्धा तास गेला असता. फोन वाजत होते.”

आणि त्या राहिलेल्या मुलांना फोन करायला निघून गेल्या.

म्हणजे स्वतःचा पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला होता, माझ्यासमोर, मला त्यांची दया येत असताना.

मी अहवाल फाडला आणि नवा लिहिला. तीन पानं झाली. कुलूप मी घातलं, केव्हा घातलं, का घातलं. टिपणी मार्चमध्ये आली, मी न वाचता सही केली. टिपणी सोबत जोडली. कराराची शिफारस जोडली. पावणेचारला साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी वरून खालपर्यंत नजर फिरवली. मग चष्मा काढला. “हेरवाडे, तुम्हाला बरं नाही का?”

“बरं आहे, साहेब.”

“वीस महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागली तर पेन्शनचं काय होतं माहितेय ना? त्या पोरीला पुण्यात उद्या नोकरी मिळेल. तुम्हाला कोण देणार आहे?” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. “मी हे बघितलेलं नाही. घरी जा. दुसरं लिहून आणा. मंत्रालयाला सांगतो, उद्या देतो.”

ते हे चांगुलपणानेच म्हणत होते, त्यामुळे वाद घालायला काही हाताशी नव्हतं. मी कागद उचलले आणि तळमजल्यावर आवक विभागात गेलो.

आवक विभाग म्हणजे उगारेबाई. गेली सव्वीस वर्षं. एखाद्या कागदावर त्यांचा शिक्का आणि क्रमांक पडला, की तो नोंदवहीत चढला, आणि मग तो कागद मंडळाच्या अध्यक्षांनाही नाहीसा करता येत नसे. एका अध्यक्षांनी प्रयत्न केला होता. त्यांची बदली गडचिरोलीला झाली.

“चारला आवक बंद होते,” बाई मान वर न करता म्हणाल्या.

“चारला दोन मिनिटं आहेत, बाई.”

“माझ्या घड्याळात नाहीत.” पण त्यांनी कागद घेतला. चाळला. मग खुर्ची पुढे ओढून नीट वाचायला लागल्या. “अर्जदार कोण?”

“मी.”

“कुणाविरुद्ध?”

“माझ्याविरुद्ध.”

“मार्फत?”

“माझ्यामार्फत.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग तुमची शिफारस लागेल की त्यावर. वरिष्ठांच्या अभिप्रायाशिवाय मी घेत नाही. कुणाचंच नाही घेत.”

मी तिथेच उभ्याउभ्या समासात हिरव्या शाईत लिहिलं: ‘अर्जदाराचे म्हणणे वाचले. त्यात तथ्य आढळते. योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर.’ आणि सही केली. बाईंनी ‘वाचले’ या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी शिक्का मारला. एवढ्या जोरात, की शेजारच्या टेबलावरचा डबा हलला.

“वेडे आहात, साहेब,” त्या म्हणाल्या आणि पोच दिली.

पुढचं सांगून टाकतो. मला ज्ञापन मिळालं, एक वेतनवाढ गेली, सिस्टीमचा कार्यभार काढून मला परीक्षा साहित्याच्या गोदामात बसवलं. तिथे एसी नव्हता आणि मी स्वेटर टाकून दिला. पेन्शन मिळाली, थोडी उशिरा. फडतरेसाहेब नंतरचे सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत, मग स्वतःहून घरी आले आणि परसातली माती बघून हे लावा, ते लावू नका, असं सांगून गेले. शिकलगारांचा करार वाढला. आवकला चढलेल्या कागदावर त्यांचं नाव निर्दोष म्हणून आलेलं असताना तो न वाढवणं कुणाला जमेना. दोन वर्षांनी त्या हैदराबादला गेल्या. आता मोठ्या पदावर आहेत असं ऐकतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या मंगळवारी पाचला दहा कमी असताना मी पोच आणि बाहेर झेरॉक्सच्या रांगेत उभं राहून काढलेली कागदांची प्रत घेऊन वर आलो तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. शिकलगार फोन खाली ठेवत होत्या. सहाशे एकेचाळीस मुलांचे प्रवेश पक्के झाले होते, नऊ जण फोनच उचलत नव्हते. मी प्रत त्यांच्यापुढे ठेवली. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलेलं होतं. त्यात ‘क्षमा’ हा शब्द दोनदा होता.

मी बोलायच्या आत त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं पान. दुसरं. तिसरं. एकही ओळ न गाळता, बोट फिरवत, शिक्क्यावरचा क्रमांकसुद्धा. त्यांना वाचायला फार वेळ लागतो आहे असं मला वाटलं. बत्तीस वर्षांत माझ्यासमोर बसून माझा कागद इतका पूर्ण कुणी वाचला नव्हता. वाचून झाल्यावर त्या पुन्हा पहिल्या पानावर गेल्या आणि स्वतःच्या नावापाशी थांबल्या. डोळ्यांत पाणी होतं की दिवसभर स्क्रीन बघून डोळे चुरचुरत होते, मला आजही सांगता येणार नाही. मी घसा साफ केला. हाताची घडी घातली. मग सोडली. आयुष्यात काही मोजके क्षण असतात, त्यातला हा एक, हे मला समजत होतं, आणि मी त्यासाठी तयार उभा होतो.

शिकलगारांनी तिन्ही पानं टेबलावर आपटून कडा जुळवल्या आणि वर बघितलं.

“सर,” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे स्टेपलर आहे का?”